एका दाराचे नगर

एका जंगलात, मोहाच्या झाडाखाली, मुंग्यांचे एक वारूळ होते. वारूळ कसले, नगरच ते! कोठारात गवताचे बी इतके, की सबंध उन्हाळा कुणी बाहेर पडले नसते तरी चालले असते. आणि मुलांनो, खोटे कशाला बोला, हा मोठेपणा उपयोगाचाही होता. पलीकडे बोरीखाली मूठभर मुंग्यांचे एक छोटे वारूळ होते. तितर येऊन त्यांचे बी टिपून गेले, की त्या इकडे येत, आणि इथली राणी त्यांना कधी रिकाम्या तोंडाने परत पाठवत नसे.

पण नगर वाढले तशी राणीची ऐट वाढली. जागोजागच्या बिळांवर पहारा ठेवणे तिला खेडवळ वाटू लागले. तिने लहान दारे सगळी लिंपून टाकली आणि एकच भव्य दरवाजा ठेवला. कामेही वाटून दिली. पहारेकरणींनी पहाराच करायचा, हमालणींनी ओझीच वाहायची. माती उकरणाऱ्यांना तर तिने कोठारात बी निवडायला बसवले, कारण आता बांधायचे काय उरले होते? बोरीखालच्या म्हाताऱ्या मुंगीने हे पाहून काळजी बोलून दाखवली, तेव्हा राणी हसली.

"आजीबाई, आमच्या एका दालनात तुमचं अख्खं गाव मावेल. इतक्या जणी असताना आम्हाला कसली भीती?"

म्हातारी आपला दाणा उचलून निघून गेली.

एके दिवशी भर दुपारी एक रानडुक्कर कंद उकरत आले. बोरीखालचे छोटे वारूळ त्याने एका मुसंडीत सपाट केले. तिथल्या मुंग्या सापडेल त्या बिळातून अंडी घेऊन बाहेर पडल्या. बी मात्र सगळे गेले. मग डुक्कर मोहाच्या बुंध्याला अंग घासू लागले, आणि त्या हादऱ्यांनी मोठ्या वारुळाचा दरवाजा ढासळला.

आत वारा शिरेना. तळाच्या दालनातली पिल्ले गुदमरू लागली. पहारेकरणी शत्रूची वाट पाहत दाराशी उभ्या राहिल्या, हमालणी हुकमाची वाट पाहत त्यांच्यामागे. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. इथे तर खणणाऱ्याच खणणे विसरून गेल्या होत्या. ज्या चारदोन जुन्या मुंग्यांना माती उकरणे आठवत होते, त्यांना त्या गर्दीतून पुढे सरकता येईना. ज्या संख्येचा राणीला गर्व होता, तीच आता सगळ्यांची हवा संपवत होती.

तेवढ्यात बाहेरून माती हलली. बोरीखालच्या मुंग्या आपले मोडलेले घर तसेच टाकून धावत आल्या होत्या. त्यांच्यात पहारेकरीण कोण आणि हमालीण कोण हे कधी ठरलेच नव्हते. उकरता सगळ्यांनाच येत होते. संध्याकाळपर्यंत त्यांनी चहूबाजूंनी बिळे पाडली. पुष्कळ पिल्ले वाचली. काही वाचली नाहीत, आणि त्यांच्यापाशी बसून राणी फार रडली.

मग ती म्हातारीला म्हणाली, "आजी, तुमचं घर गेलं, बी गेलं. आता सगळ्या इथंच राहा. हे नगर तुमचंच समजा."

"बी द्या, ते आम्हाला लागेलच," म्हातारी म्हणाली. "पण राहायला नको, राणीसाहेब. आम्ही आत आलो, तर तुमचं नगर आणखी मोठं होईल. आणि पुन्हा डुक्कर आलं, तर बाहेरून माती उकरायला कोण राहील?"

दुसऱ्या दिवशी राणीने जुन्या मुंग्यांना कोठारातून उठवले आणि सगळ्यांना माती उकरायला शिकवायला सांगितले. शिकणाऱ्यांच्या रांगेत पहिली ती स्वतः उभी राहिली.

तात्पर्य : नगर मोठे असले म्हणजे संकटात तरेलच असे नाही. ज्याला दारे अनेक, जिथे पडेल ते काम करणारे हात अनेक आणि ज्याचा शेजार शाबूत, तेच नगर पडूनही पुन्हा उभे राहते.