एक बोट अलीकडे

"…मग खरी विद्या कोणती, वस्ताद?"

दस्तगीर वस्ताद तालमीत, कुस्तीच्या हौदातल्या लाल मातीत ताक ओतत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सुकुमारने तोच प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर घेतल्याशिवाय कोल्हापूर सोडायचं नाही, असं ठरवूनच तो पुण्याहून आला होता.

याच तालमीत तो लहानाचा मोठा झाला. इथे त्याने लंगोट कसला, लाठी-दांडपट्टा फिरवला. मग पुण्याला जाऊन कराटे शिकला, ज्युदो शिकला, बॉक्सिंगच्या रिंगणात नाकही सुजवून घेतलं. आता त्याचा स्वतःचा क्लास होता. नाव सुकुमार असलं, तरी दंड असे की शिंप्याने कापड वाढवून मागावं.

"एकेक सांग," वस्ताद म्हणाले. "कुठली कशी वाटली?"

सुकुमारला एवढंच हवं होतं. तो सुटला.

"कराटेची लाथ लांब जाते, पण सपाट फरशीवर. रस्त्यावरच्या खड्ड्यात, पायात चपला असताना, ती आपल्यालाच पाडते. ज्युदोत समोरच्याचा जाड अंगरखा धरून त्याला फेकायचं. बाहेर टी-शर्ट फाटून हातात येतो आणि माणूस उभाच. बॉक्सिंगवाल्याचा ठोसा भारी, पण हातमोजे नसले की बोटं त्याचीच मोडतात."

"आनि आपली कुस्ती?"

सुकुमार अडखळला.

"बोल की. मी काय रडत न्हाई."

"कुस्तीसारखी पकड कशात नाही, वस्ताद. पण एकाला खाली घेतलं, की दुसरा वरून लाथ घालतो. आणि दांडपट्टा… तो घेऊन भाजी आणायला जाता येत नाही."

वस्ताद खो खो हसले.

"समद्यांना नापास केलंस की रं!"

"मीच नापास झालोय, वस्ताद."

…

गेल्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी तो आणि त्याची बायको पद्मजा नदीकाठच्या रस्त्याने घरी निघाले होते. दोघे जण आडवे आले. एकाने पद्मजाचा हात धरला. सुकुमारने ठोसा मारला. अगदी नेमका, नाकाच्या रोखाने…

"आनि?"

"थांबला. एक बोट अलीकडे."

वस्तादांनी ताकाचं भांडं खाली ठेवलं.

सुकुमार ज्या पद्धतीचं कराटे शिकला, त्यातल्या स्पर्धेत चेहऱ्यावर ठोसा लागू द्यायचा नसे. टेकायच्या आत थांबवायचा. लागलाच, तर मारणारा दोषी. वर्षानुवर्षं त्याने हेच घोटलं होतं, आणि मुलांकडूनही घोटून घेतलं होतं. समोर गुंड आहे की शिकाऊ पोर, हे हाताला कुठून कळणार?

"तो आधी दचकला. मग हसला, वस्ताद. माझ्या तोंडावर हसला. आणि दोघांनी मिळून मला लोळवलं."

"मग वाचलास कसा?"

"लोक आले."

"लोक कशानं आले?"

"पद्मजा ओरडली." हे त्याने मातीकडे बघत सांगितलं.

रविवारी एका इस्पितळातल्या नर्सबाया त्याच्याकडे शिकायला येणार होत्या. कामाची पाळी संपवून अंधारात एकट्या घरी जाणाऱ्या बाया. त्यांना कुठल्या तोंडाने आणि काय शिकवायचं, हेच त्याला उमगत नव्हतं. विद्येने दगा दिला, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. इथेही उत्तर मिळालं नाही, तर क्लासला कुलूप लावायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. पद्मजाशी तर त्या दिवसापासून तो धड बोललाच नव्हता. बायकोने आपल्याला वाचवलं, ही गोष्ट त्याच्या घशाखाली उतरत नव्हती.

वस्ताद त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

"मार."

"कुणाला?"

"मला. नाकावर मार."

…

सुकुमारने ठोसा मारला. तो वस्तादांच्या नाकाशी येऊन थांबला. म्हाताऱ्याची पापणीही हलली नाही.

"जोरात मार."

त्याने सगळं बळ लावलं. हात तिथेच थांबला. सुकुमारच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघा… दगाबाज आहे हा हात. आता तर तो माझं ऐकतही नाही."

वस्तादांनी ती मूठ आपल्या मातीने भरलेल्या दोन्ही हातांत घेतली, आणि कपाळाला लावली.

"वस्ताद, हे काय करता!"

"ह्या हाताखालनं पोरं किती गेली?"

"पुष्कळ. मोजली नाहीत."

"नाक कुनाचं फुटलं?"

…

"कुणाचंच नाही."

"मग ह्याला दगाबाज म्हनू नगंस."

"पण त्या दिवशी उपयोग झाला नाही ना त्याचा!"

"न्हाई झाला," वस्ताद शांतपणे म्हणाले. "जिचा झाला, ती कुठं हाय?"

"बाहेर… कट्ट्यावर."

बायकांनी हौदापाशी यायचं नाही, ही तालमीची जुनी रीत. म्हणून पद्मजा मघापासून दाराबाहेर बसून होती. वस्ताद हात न धुताच दारात गेले, मागोमाग सुकुमार. ती गडबडीने उठली आणि पाया पडायला वाकली.

"ऱ्हाऊ दे, लेकी. त्या दिवशी कशी वरडलीस?"

"तशीच… भीती वाटली म्हणून."

"वरडून दाखव."

पद्मजाने नवऱ्याकडे पाहिलं. एरवी तिची हाक शेजारच्या खोलीत पोचायची मारामार.

"इथे? लोक काय म्हणतील?"

"बघू या की, काय म्हनत्यात."

तिने डोळे मिटले…

"धावाऽऽ! धावाऽऽ!"

तालमीच्या पत्र्यावरची कबुतरं फडफडत उडाली.

…

आणि तालमीसमोरचा बोळ जागा झाला.

समोरच्या सलूनमधून शामू हातातल्या वस्तऱ्यासकट पळत आला. मागोमाग त्याचं गिऱ्हाईक, अर्ध्या गालाला फेस. सायकल दुकानातले तात्या हवा भरायचा पंप उगारून आले. एका पायात चप्पल होती, दुसरी वाटेत कुठे तरी राहिली होती. आणि सगळ्यांच्या पुढे शेजारच्या घरातली हौसाक्का. हात पिठाने बरबटलेले, मुठीत उलथणं.

"कुठं हाय त्यो मुडदा?" हौसाक्का गरजली.

पद्मजाला तिने जन्मात पाहिलं नव्हतं. पण ती सरळ येऊन पद्मजाच्या पुढे उभी राहिली, आणि पाठीमागे हात नेऊन तिचं मनगट घट्ट धरलं.

सुकुमार बघत राहिला. त्याला नदीकाठची ती संध्याकाळ आठवली. तेव्हाही कोणी तरी असंच आलं होतं. भाजीची पिशवी घेतलेला एक माणूस, स्कूटर रस्त्यात टाकून आलेली एक बाई, आणखी दोघे-तिघे. त्यांचे चेहरेही त्याने नीट पाहिले नव्हते. आपण कसे लोळलो, हे त्यांनी पाहिलं, एवढंच त्याला सलत होतं. ते आले होते, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं… आभार तर त्याने कुणाचेच मानले नव्हते. घरातल्या माणसाचेसुद्धा.

तो हौदाकडे गेला आणि चिमूटभर माती घेऊन बाहेर आला. कुस्ती मारलेल्या पैलवानाला लावतात, तशी त्याने ती पद्मजाच्या कपाळाला लावली.

"तू होतीस म्हणून मी त्या दिवशी घरी आलो," तो म्हणाला. "तेव्हाच सांगायला हवं होतं गं. जमलं नाही."

"अहो… लोक बघतायत."

"बघू देत."

पद्मजा हसली, आणि हसता हसता रडू लागली. त्याचंही तेच झालं. आठवडाभर छातीवर धोंडा होता, तो उतरल्यासारखं वाटलं. डोळे पुसत त्याने विचारलं,

"रविवारी क्लासला येशील? पहिला धडा तू शिकव. मी पाठीमागच्या ओळीत उभा राहतो."

तिने मान डोलावली.

मग सुकुमार त्या गर्दीकडे वळला. शामूला, तात्यांना, फेस लावलेल्या त्या गिऱ्हाइकाला, प्रत्येकाला त्याने वाकून नमस्कार केला. हौसाक्काचे तर पाय धरले.

"अगं बया! मला कशाला?" ती मागे सरली.

बोळातल्या कुणालाच काही उमगेना. शामूने वस्तरा मिटला आणि वैतागून विचारलं,

"वस्ताद, झालंय काय नेमकं? गिऱ्हाइकाची दाढी अर्धी सोडून आलोय मी."

वस्ताद कट्ट्यावर टेकले. डोळे पाणावले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

"कायबी झालं न्हाई, शामू. ह्याला सगळ्यात मोठी विद्या बघायची हुती… बघितली त्यानं. जा आता, हौसाक्का, तव्यावरची भाकरी करपंल."