केराबाईच्या मडक्यातला रंग

माणदेशाच्या दक्षिण अंगाला खरसुळी नावाचे एक लहानसे गाव आहे. पाऊस बेताचा, जमीन मुरमाड, पण माळावरचे गवत असे गोड की मेंढरे पोटभर चरून घरी येतात. या माळावर, कवठाच्या झाडाखाली चार दगडांची खोली बांधून भानगीर महाराज राहत असत. महाराज कुठून आले हे कोणाला ठाऊक नव्हते. विचारले तर म्हणत, "मेंढरू वाट चुकून कळपात आलं, तर धनगर त्याचं गाव विचारतो का?" अंगावर एक काळे घोंगडे, हातात बाभळीची काठी आणि ओठांवर सदा नाम. कोणाची गाय अडली, कोणाचे लेकरू तापाने फणफणले, की महाराज बोलावल्याशिवाय जाऊन उभे राहत. गावाला त्यांचा केवढा आधार वाटे!

याच गावात केराबाई नावाची एक धनगरीण होती. नवरा जाऊन बारा वर्षे झालेली, पोटी मूल नाही. चाळीस मेंढरे हाच तिचा संसार. एका साली मेंढरांवर देवीचा रोग आला. वाडग्यातली मेंढरे रोज दोन-तीन अशी मरू लागली. केराबाई एकटी खड्डे खणायची आणि रडायची. तेव्हा महाराज तिच्या वाडग्यात येऊन बसले. नऊ दिवस ते तिथून हलले नाहीत. कडूलिंबाचा पाला स्वतः आणून पसरायचे, आजारी मेंढराच्या तोंडात हाताने पेज घालायचे. एका कोकराला हुडहुडी भरली तेव्हा त्यांनी अंगावरचे घोंगडे त्याच्यावर टाकले आणि आपण उघड्या अंगाने बसून राहिले. रोग हटला तेव्हा चाळिसांतली अकरा मेंढरे उरली होती.

लोक हळहळले, म्हणाले, "एकोणतीस गेली बिचारीची!" केराबाई मात्र महाराजांच्या पायावर डोके ठेवून म्हणाली, "अकरा राखली बिरोबानं. समदीच गेली असती, तर मला कोण इचारणार हुतं?"

महाराजांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. ते म्हणाले, "केराबाई, गेलेलं मोजणारी माणसं पुष्कळ पाहिली. राहिलेलं मोजणारी तूच."

खरसुळीच्या बिरोबाची जत्रा चैत्रात भरते. जत्रेच्या दिवशी देवाच्या बैठकीवर नवी तांबडी घोंगडी अंथरायची, अशी तिथली रीत. ती घोंगडी विणण्याचा मान सात पिढ्या इराप्पा सनगराच्या घराण्याकडे होता. इराप्पा हाताचा मोठा कसबी. त्याच्या मागावरची घोंगडी पावसात पाणी आत येऊ देत नसे, आणि त्याच्या हातचा तांबडा रंग पाच वर्षे धुतला तरी तसाच राही. पण कसबाबरोबर त्याच्या मनात गर्वही वाढला होता. "देवाला माझ्याच हातचं लागतं," असे तो चारचौघांत म्हणून दाखवी.

त्या वर्षी दिवाळीनंतर केराबाईने अकरा मेंढरांची लोकर कातरली, रिठ्याच्या पाण्यात धुतली, पिंजली आणि माळावर मेंढरांमागे हिंडता हिंडता चातीवर कातायला घेतली. डाव्या हातात लोकरीचा पेळू, उजव्या हाताने चाती गरगर फिरवायची आणि एकेक वीत धागा ओढायचा. माघ संपता संपता तिच्या तीन लडी झाल्या. त्या पदरात घेऊन ती इराप्पाच्या अंगणात गेली.

"आण्णा," ती म्हणाली, "देवाच्या घोंगडीत माझ्या सुताचा एक पट्टा घाला. काय मागायचं न्हाई देवाकडं. मेंढरं राखली त्येनं, त्येचं उपकार हाईत, म्हणून."

इराप्पाने एक लडी उचलली, दोन बोटांत धागा चिमटून पाहिला आणि हसला. अंगणात बसलेले इतरही हसले.

"हे सूत म्हणायचं का सुतळी, केराबाई? अन् ह्ये पांढरं. देवाची घोंगडी तांबडी असती."

"रंगवून आणते की."

"रंगवून? रंग म्हंजी काय भाजीला फोडनी हाय व्हय? सात पिढ्या हात रंगल्यात आमचं, तवा कुठं रंग बोलतो. जा, मेंढरं राख जा."

 लडी पदरात गुंडाळून केराबाई तडक महाराजांकडे आली आणि घडले ते सांगितले. तिला वाटले, महाराज इराप्पाला बोलावून चार शब्द सुनावतील. पण महाराज म्हणाले, "तू रंगवीन म्हणालीस ना? मग रंगव. सूत नाकारलं ते इराप्पानं. देवानं कुठं नाकारलंय?"

तांबडा रंग बारतोंडीच्या मुळीतून निघतो. बारतोंडीची झुडपे बांधाकडेला असतात, पण मुळ्या खोल जातात आणि जाड मुळीत रंग नसतो. बोटाएवढ्या बारीक मुळ्या खणून काढाव्या लागतात. केराबाई महिनाभर रोज खुरपे घेऊन बांधावर बसली. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. मुळ्या सुकवून तिने उखळात कुटल्या. तीन लडींना पुरेल एवढी भुकटी झाली, तेवढ्यानेच तिला कृतार्थ वाटले. सूत तुरटीच्या पाण्यात उकळून, वाळवून तिने तयार ठेवले.

जत्रेला दहा दिवस उरले होते. त्या दिवशी सकाळी महाराजांच्या खोलीसमोर तीन दगडांची चूल मांडून तिने रंगाचे मडके चढवले. त्याच सकाळी इराप्पाच्या अंगणात त्याचा मोठा तांब्याचा हंडा चुलीवर चढला. बावीस लडींचा रंग त्यात होता. रंग चांगला उतरला, पाणी डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल झाले. आता सूत सोडायचे, तोच हंड्याच्या बुडाचा सांधा धरणारी जुनी झाळ सुटली आणि सगळा रंग भसकन चुलीत गेला! जाळ विझला. राखेचा लाल चिखल झाला. इराप्पा ओंजळीने तो चिखल गोळा करू लागला, हात भाजले तरी त्याला भान नव्हते.

त्याची बायको गंगव्वा कपाळाला हात लावून खाली बसली. घरात मुळीचा तुकडा शिल्लक नव्हता. नव्या मुळ्या खणायच्या, सुकवायच्या, कुटायच्या म्हणजे पंधरा दिवस. आणि सूत आज रंगले नाही, तर उद्या माग लागत नाही; उद्या माग लागला नाही, तर जत्रेला घोंगडी होत नाही. सात पिढ्यांत देवाची बैठक कधी उघडी राहिली नव्हती. "माझ्या हातानं ऱ्हानार व्हय आता!" असे म्हणून तो ताठ माणूस भिंतीला टेकला आणि लहान मुलासारखा रडू लागला.

पाणवठ्यावरच्या बायकांकडून ही बातमी माळावर पोहोचली. केराबाई मडक्यासमोर बसली होती. रंग नुकताच उतरला होता, आता लडी सोडायच्या होत्या. तिने हात थांबवला आणि महाराजांकडे पाहिले.

"महाराज, काय करू?"

"रंग तुझा आहे, माय. महिनाभर तू खणलंस. मी कोण सांगणार?"

केराबाईने मडक्यात डोकावून पाहिले. रंगाचे काम तिला नवे होते, तरी तिला एवढे कळत होते की सूत बुडाले की रंग सुतात जातो आणि मागे पाणी फिके होत जाते. हा रंग दुसऱ्याच्या सुताला दिला, तर तिच्या लडी पांढऱ्याच राहणार. मग ती उठली. पदराची चुंबळ केली, चुलीवरून उतरवून जरा निवलेले मडके डोक्यावर घेतले आणि म्हणाली, "देव उघड्या दगडावर बसल्यावर माझा पट्टा घिऊन काय करायचा?"

महाराज काठी टाकून उठले. तिच्या मागून लडींचे गाठोडे घेऊन ते स्वतः चालू लागले.

इराप्पाने मडके पाहिले आणि त्या दुःखातही तो कडवट बोलला, "ह्येच्यात माझ्या तीन लडी रंगतील, केराबाई. उरलेल्या एकोणीस काय रडून रंगवू?"

"तीन तर तीन," केराबाई म्हणाली. "तीन लडींची आसनावर घडी तर हुईल. पर आधी तुमच्या सोडा. माझ्या ऱ्हाऊ द्या मागं."

 एवढ्यात महाराज चुलीपाशी बसलेसुद्धा! त्यांनी ओली राख बाजूला सारली, काटक्या रचल्या, फुंकून जाळ केला आणि म्हणाले, "इराप्पा, जाळ माझ्याकडे. तू तुझं काम कर. बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

मडके चढले. इराप्पाने दोन लडी सोडल्या, काठीने वरखाली केल्या, वेळ झाल्यावर काढल्या. लाल भडक रंग चढला होता. त्याने आणखी दोन सोडल्या. त्याही तशाच निघाल्या. 'आता पाणी फिकं झालं असणार,' असे मनात म्हणत त्याने सवयीप्रमाणे काठीचा एक थेंब आपल्या पांढऱ्या धोतरावर पाडून पाहिला. थेंब लाल होता, पहिल्यासारखाच लाल. त्याने भुवया उंचावल्या आणि पुढच्या दोन सोडल्या.

सहा झाल्या, आठ झाल्या. अंगणात माणसे जमली. त्यांना वाटत होते, मडक्यात रंग बरा दिसतो आहे. पण काय घडते आहे हे त्या अंगणात एका इराप्पालाच पुरते कळत होते, कारण सात पिढ्यांची विद्या त्याच्या हातात होती.  चौदाव्या लडीला त्याने आधी मडक्याला हात जोडले. दर वेळी तो धोतरावर थेंब पाडी, आणि धोतरावर एकसारख्या लाल ठिपक्यांची रांग लागत गेली. पाण्याची पातळीही बोटभर उतरली नव्हती. गंगव्वा दोरीवर लडी टाकत होती आणि तिचे डोळे वाहत होते. महाराज मात्र कोणाकडे पाहत नव्हते. ते खाली मान घालून काटकीला काटकी लावत होते, धुराने डोळे चुरचुरले की घोंगड्याच्या टोकाने पुसत होते.

दिवस कलला तेव्हा बाविसावी लडी दोरीवर गेली. पहिली कोणती आणि शेवटची कोणती, हे इराप्पाला स्वतःला सांगता आले नसते!

"आता तिच्या सोडा," महाराज म्हणाले.

इराप्पाने केराबाईच्या तीन लडी आपल्या हाताने मडक्यात सोडल्या. त्या निघाल्या आणि सगळ्यांनी आत डोकावून पाहिले, तर मडक्यात विहिरीच्या पाण्यासारखे नितळ पाणी होते. तळाशी मुळीची भुकटी पांढरी फटक पडली होती.

अंगणातून एकच आवाज उठला, "भानगीर महाराज की जय!" इराप्पाने धावत जाऊन महाराजांचे पाय धरले.

"महाराज, ह्ये तुमीच क्येलं! मला पदरात घ्या!"

महाराजांनी पाय मागे घेतले. "मी जाळ घालत होतो, इराप्पा. रंग तिचा, सूत तुझं, आणि देव तुमचा दोघांचा. माझ्या पायाशी वाकणं सोपं आहे, बाबा. साधूच्या पायाशी सगळेच वाकतात."

एवढे बोलून महाराज निघून गेले. इराप्पाला शब्दांचा अर्थ कळला. केराबाई तिथेच रिकामे मडके विसळत होती. तो तिच्याकडे वळला, पण सगळे गाव समोर होते. ज्या अंगणात आपण तिला हसलो, त्याच अंगणात तिच्यापुढे वाकायचे? त्याची मान वाकेना. तो खाली पाहत आत गेला.

दुसऱ्या दिवसापासून माग सुरू झाला. इराप्पा विणी, पण अंगणात कोणी आले की मान वर करत नसे. केराबाईचे सूत हातात आले तेव्हा त्याने ते नीट पाहिले. धागा जाडाभरडा होता खरा. पण तीन लडींत एक तुकडा जोडलेला नव्हता, एक गाठ नव्हती. माळावर, उन्हात, एकटीने कातलेला तो धागा सलग होता. इराप्पाने माग थांबवला. गंगव्वाने विचारले, "काय झालं वो?" तो म्हणाला, "काय न्हाई. म्या आजवर फकस्त सूत बघत हुतो. कातनारीन बघितली न्हवती." आणि तो पट्टा त्याने घोंगडीच्या मधोमध विणला, जिथे देव बसतो तिथे.

जत्रेचा दिवस उजाडला. ढोल वाजू लागले, भंडारा उधळला. मानकरी म्हणून इराप्पा घोंगडी घेऊन देवळात आला. हजार माणसांची गर्दी. केराबाई बायकांच्या घोळक्यात, पार मागे उभी होती. महाराज देवळाच्या पायरीवर बसले होते. इराप्पाने घोंगडी बैठकीवर अंथरली, देवाला हात जोडले आणि मागे वळला. गर्दीतून वाट काढत तो थेट केराबाईसमोर आला. ढोल थांबले.

"केराबाई," तो मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, "तुझ्या सुताला म्या हसलो. त्या दिशी तू रंग घिऊन आली नसतीस, तर आज माझं तोंड कुनाला दाखवलं असतं? त्या दिशी वाकायला पायजे हुतं. दहा दिस लागलं मला."

आणि त्याने पागोटे काढून तिच्या पायाशी ठेवले व त्यावर आपले कपाळ टेकवले.

केराबाई घाबरून मागे सरली. "अवो आण्णा, उठा, उठा! तुमचा माग नसता, तर माझं सूत देवापतुर कुनी न्हेलं असतं? माझ्यावर तुमचंबी उपकारच हाईत की!"

हे ऐकूनही इराप्पा उठला नाही. तो तसाच वाकलेला राहिला, आणि त्याच्या खांद्यांवर भंडारा पडत राहिला. पायरीवरून महाराजांनी हे पाहिले, डोळे मिटले आणि हात जोडले. ते हात देवाला होते की केराबाईला, हे त्यांनी कधी कोणाला सांगितले नाही.