टाकीचं पाणी

"मग एकट्या बुधीलाच का जमत नाही, बाबा?"

लतीफशा फकीर डोंगराखालच्या आपल्या तकियाच्या, त्या फकिरी मठीच्या, ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

कौस्तुभ मास्तरचा आवाज चढला. परदेशात शिकून तो डोंगरावरच्या निवासी शाळेत आला होता. वर्षभर दर गुरुवारी खाली उतरून फकिरांकडे श्वास सांभाळायला शिकत होता. तेच मुलांना शिकवत होता. चार मोजून घ्यायचा, सहा मोजून सोडायचा.

"पाण्यावरून पोरं रोज ताटं आपटायची. महिन्याभरात शांत केली मी सगळी. ही बुधी मात्र डोळेच मिटत नाही. काल टाकीच्या पाण्याची बादली वर्गात ओतली. उद्यापर्यंत गप्प झाली नाही, तर मुख्याध्यापक तिचं नाव काढणार. पोरीचं शिक्षण संपेल, बाबा."

"पाण्याबद्दल काय म्हणते?"

"टाकीत काहीतरी मेलंय म्हणते. मुख्याध्यापक म्हणतात, अफवा आहे."

"आणि तू?"

"मी... मी श्वास शिकवतो."

"ते पाणी पितोस?"

"शिक्षकांना विकतच्या पाण्याचा जार येतो."

फकीर उठले. आतून एक झाकलेला तांब्या आणून त्यांनी त्याच्यापुढे ठेवला.

"उन्हातून आलास. पी."

कौस्तुभने झाकण काढलं. तोंडाशी नेलेला तांब्या तसाच खाली आला. कुजका वास. वर एक भिजलेलं पीस तरंगत होतं.

"हे कुठलं?"

"तुमच्या टाकीचं. सकाळी बुधी ठेवून गेली. म्हणाली, मास्तर माझ्या हातून घेत नाहीत, तुम्ही पाजा."

कौस्तुभने तांब्या ओट्यावर ठेवला.

"डोळे मीट. चार मोजून घे."

"बाबा, थट्टा करताय?"

"सहा मोजून सोड. मग पी."

"हे माणसानं प्यायचं पाणी आहे का?"

"साठ पोरं पितात."

कौस्तुभ ताडकन उठला. कपाळाची शीर तटतटली होती. महिनाभर साठ मुलांपुढे तो मऊ आवाजात म्हणत आला होता, सोडून द्या बाळांनो, सगळं सोडून द्या... तो आवाज आता त्याच्याच कानात बसला होता, आणि त्याला त्या आवाजाच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

त्याने तांब्या उचलला आणि मुख्याध्यापकांकडे जायला शाळेची वाट धरली. दहा पावलांवर थांबला.

"बाबा, हात थरथरतोय माझा. आधी शांत होऊ का?"

फकिरांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"थरथरू दे. पाणी सांडू नकोस."