कोळूताई आणि विलायती नट

परवा रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. कारण तसं किरकोळ. आमची जुनी विलायती गाडी बालवाडीच्या फाटकासमोर बंद पडली. मागे तीन स्कूटर, एक रिक्षा आणि झाडून सगळ्या आया. कुणीतरी हसत म्हणालं, "वहिनी, आता विकून टाका हो ही." मीही हसले. माझ्या लेकीने, केतकीने, आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. बोलली काहीच नाही. तीन वर्षांचं माणूस गप्प बसलं की फार भीती वाटते. तिला लाज वाटली का? गाडीची? की माझी? ही गाडी घ्यायचा हट्ट माझाच होता. सकाळपर्यंत उत्तर काही सापडलं नाही. एक गोष्ट सापडली. मोठ्याने वाचा. तिच्यातली लांबत जाणारी यादी म्हणताना चुकलात तर घाबरू नका. मी दर वेळी चुकते, आणि दर वेळी पकडली जाते.

*

एक होती गल्ली. साताऱ्यातली. उताराची.

उताराच्या वरच्या टोकाला एक गाडी.

गाडी जुनी. गाडी हिरवी. बाटलीसारखी हिरवी.

गाडी विलायतेची. दारं चार. पळायला मात्र शर्यतीची!

पण ती कुणालाच नको होती. म्हणून कुमुदमावशीला मिळाली. एका म्हशीच्या किमतीत.

गल्ली म्हणायची, "खटारा!"

कुमुदमावशी म्हणायची, "माझी बाय ती!"

गाडीला एक आरसा. आरशामागे एक फट. फटीत एक जाळं. जाळ्यात कोण?

कोळूताई!

अंगाने तिळाएवढी. पाय आठ. डोळेही आठ.

गाडी कुणाची? कुमुदमावशी म्हणायची, "माझी." कोळूताई म्हणायची, "माझी." दोघींचं कधी भांडण झालं नाही.

एक दिवस काय झालं?

कुमुदमावशीने बॉनेट उघडलं. बॅटरी पुसली. फडकं लागलं तिच्या एका सैल नटाला.

टिंग!

नट उडाला. टिंग, टिंग, टिंग! उताराला लागला. गडगड, गडगड, गडगड. गेला, गेला, गेला. दिसेना!

कुमुदमावशीने किल्ली फिरवली.

टिक. टिक. गप्प.

दुसरा नट लावला. बसेना. तिसरा लावला. बसेना. गाडी विलायती, नटाचं माप विलायती. इथला नट तिला होईचना!

घरमालक नाना आले. कमरेवर हात.

"बाई, पुन्हा बंद? तुम्हीच म्हणाला होता ना, पुन्हा बंद पडली तर देऊन टाकीन?"

"म्हणाले होते, नाना."

"मग बारा वाजता भंगारवाल्याचा टेम्पो येतोय. चालू झाली तर तुमची. नाही झाली तर त्याची."

कुमुदमावशीने किल्ली काढली. पदर खोचला. गाडीखाली शिरली. नट शोधू लागली.

पण नट तिथे नव्हताच!

नट कुठे गेला, ते एकटीने पाहिलं होतं. आठ डोळ्यांनी. कोळूताईने!

नट गेला होता पार खाली. चहाच्या टपरीपाशी. गब्बू कुत्र्याच्या पोटाखाली. गब्बू झोपलेला. घुर्र, घुर्र.

"गाडी गेली तर आरसा जाईल. आरसा गेला तर माझं घर जाईल!"

निघाली कोळूताई. तुरूतुरू, तुरूतुरू, तुरूतुरू.

"गब्बूदादा, गब्बूदादा, ऊठ ना रे.
गब्बू उठेल, नट मिळेल.
नट मिळेल, गाडी चालेल.
गाडी चालेल, घर राहील."

गब्बूने एक डोळा उघडला.

"उठू? इतक्या सकाळी? आणि उपाशी? अंहं! आधी बिस्कीट आण."

"बरं बाबा, आणते."

तुरूतुरू, तुरूतुरू, तुरूतुरू.

टपरीवर हौसाआत्या. तिच्यापुढे बिस्किटांची बरणी.

"हौसाआत्या, हौसाआत्या, बिस्कीट दे ना गं.
बिस्कीट मिळेल, गब्बू उठेल.
गब्बू उठेल, नट मिळेल.
नट मिळेल, गाडी चालेल.
गाडी चालेल, घर राहील."

हौसाआत्याने गालावर बोट ठेवलं.

"नुसतं बिस्कीट? चहाशिवाय? असं कुठं असतंय का बाय! आधी चहा उकळणार, मग बरणी उघडणार. आणि चहाला दूधच नाही. अंहं! आधी दूध आण."

"बरं बाई, आणते."

तुरूतुरू, तुरूतुरू, तुरूतुरू.

टपरीमागे शेळूबाई बांधलेली. दाढी हलवत उभी.

"शेळूबाई, शेळूबाई, दूध दे ना गं.
दूध येईल, चहा होईल.
चहा होईल, बिस्कीट मिळेल.
बिस्कीट मिळेल, गब्बू उठेल.
गब्बू उठेल, नट मिळेल.
नट मिळेल, गाडी चालेल.
गाडी चालेल, घर राहील."

"बेंऽऽ! पोटात नाही पाला, दूध येईल कुठून? अंहं! आधी पाला आण."

"बरं बाई, आणते."

तुरूतुरू, तुरूतुरू, तुरूतुरू.

शेळूबाईच्या डोक्यावर उंबराचं झाड. पानंच पानं. पण सगळी उंच!

"उंबरदादा, उंबरदादा, पाला दे ना रे.
पाला पडेल, दूध येईल.
दूध येईल, चहा होईल.
चहा होईल, बिस्कीट मिळेल.
बिस्कीट मिळेल, गब्बू उठेल.
गब्बू उठेल, नट मिळेल.
नट मिळेल, गाडी चालेल.
गाडी चालेल, घर राहील."

उंबरदादा हळूच बोलला. अगदी हळू. पान न हलवता.

"देईन गं. पण पाला पाडायचा तर फांदी हलवावी लागेल. फांदीवर शिंपीणबाईचं घरटं आहे. दोन पानं शिवून केलेलं. त्याचा टाका उसवलाय. आत तीन अंडी. मी हललो आणि घरटं सुटलं तर? अंहं! आधी तिला म्हणावं, घरटं शिव."

"बरं बाबा, सांगते," कोळूताई म्हणाली.

पण या वेळी ती तुरूतुरू निघाली नाही.

शिंपीणबाई म्हणजे पक्षीण. पक्षिणीला असते चोच. आणि चोचीला आवडतात कोळी!

कोळूताईने आठही पाय जवळ घेतले. मग एक पाय पुढे टाकला. मग दुसरा. तुरू... तुरू... तुरू... फांदीवर गेली. पण जरा लांबच थांबली.

"शिंपीणबाई, शिंपीणबाई, घरटं शिव ना गं.
घरटं टिकेल, पाला पडेल.
पाला पडेल, दूध येईल.
दूध येईल, चहा होईल.
चहा होईल, बिस्कीट मिळेल.
बिस्कीट मिळेल, गब्बू उठेल.
गब्बू उठेल, नट मिळेल.
नट मिळेल, गाडी चालेल.
गाडी चालेल, घर राहील."

शिंपीणबाईने मान वळवली. डोळे लाल झालेले.

"एरवी तुला गट्टम केलं असतं गं. पण आज घास उतरत नाही. वारा आला की वाटतं, पडली अंडी. पान हललं की वाटतं, पडली अंडी. चोच आहे सुईसारखी, पण दोरा कुठंय? अंहं! आधी दोरा आण."

दोरा! आता दोरा कुणाला मागायचा?

कोळूताई फांदीच्या टोकावर गेली. सगळ्या गल्लीला ओरडून म्हणाली,

"कुणीतरी, कुणीतरी, दोरा द्या ना हो.
दोरा मिळेल, घरटं टिकेल.
घरटं टिकेल, पाला पडेल.
पाला पडेल, दूध येईल.
दूध येईल, चहा होईल.
चहा होईल, बिस्कीट मिळेल.
बिस्कीट मिळेल, गब्बू उठेल.
गब्बू उठेल, नट मिळेल.
नट मिळेल, गाडी चालेल.
गाडी चालेल, घर राहील."

कुणीच बोललं नाही.

शिंपीणबाई मात्र टक लावून पाहत होती. कोळूताईच्या मागे.

"अगं ए, हे काय लोंबतंय तुझ्या मागे?"

कोळूताईने वळून पाहिलं. एक धागा! बारीक. चमचमता. तिच्याच अंगातून आलेला!

"अगं बाई! दोरा तर माझ्याकडेच आहे!"

"आहे खरा," शिंपीणबाई म्हणाली. "पण एवढुशाने काय होतंय? टाके घालायचे तर अख्खं जाळं लागेल."

अख्खं जाळं?

म्हणजे कोळूताईचं अंथरूण. कोळूताईचा झोका. कोळूताईचं ताट. सगळंच!

कोळूताईने विचार केला. एक पाय खाजवून केला. मग दुसरा पाय खाजवून केला. आठ पाय होईपर्यंत विचार केला.

"आरसा राहिला तर जाळं पुन्हा विणता येईल. आरसाच गेला तर कुठे विणू? घे. सगळं घे."

आणि तेवढ्यात,

पीं पीं! पीं पीं!

टेम्पो आला! भंगारवाला उतरला. खांद्यावर जाडजूड दोर.

"कुठंय हो ती गाडी?"

"ती काय," नाना म्हणाले. "बारा वाजायला थोडाच वेळ आहे. थांबा जरा."

भुर्र! शिंपीणबाई उडाली. आरशापाशी गेली. चोचीने जाळं उचललं. भुर्र! परत आली. टाका घाल, ओढ. टाका घाल, ओढ. टाका घाल, गाठ!

दोरा मिळाला. घरटं टिकलं.

उंबरदादाने मोठा श्वास घेतला. केव्हाचा रोखून धरला होता बिचाऱ्याने! मग फांदी हलवली. सळसळ, सळसळ, टप टप टप.

घरटं टिकलं. पाला पडला.

शेळूबाईने पाला खाल्ला. करम करम करम. हौसाआत्या भांडं घेऊन आली. चुळुक चुळुक, चुळुक चुळुक.

पाला पडला. दूध आलं.

आधण ठेवलं. साखर टाकली. आलं ठेचलं. रटरट, रटरट, सूंऽऽ!

दूध आलं. चहा झाला.

"हां! आता कसं!" म्हणत हौसाआत्याने बरणी उघडली. "गब्बूऽऽ! यू यू यू!"

चहा झाला. बिस्कीट मिळालं.

गब्बू उठला. अंग ताणलं. पुढून ताणलं. मागून ताणलं. शेपूट हलवत निघाला.

बिस्कीट मिळालं. गब्बू उठला.

आणि गब्बूच्या जागेवर काहीतरी चमकलं.

"अगं बया! हे काय चमकतंय?" हौसाआत्या वाकली. "कुमुदताई! ओ कुमुदताई! हा तुमचा विलायती पाहुणा इथं येऊन बसलाय की!"

कुमुदमावशी गाडीखालून निघाली. केसांना माती. नाकाला काळं. धावत सुटली. उताराने खाली. नट घेतला. चढाने वर. हाशहुश्श, हाशहुश्श!

भंगारवाला गाडीला दोर बांधत होता.

"थांबा! एक मिनिट!"

"बाई, आता कशाला त्रास करून घेताय," भंगारवाला म्हणाला. पण थांबला.

कुमुदमावशीने नट लावला. कर्रक्, कर्रक्, कर्रक्. बसला! अगदी मापात बसला!

गब्बू उठला. नट मिळाला.

तिने किल्ली घातली. नानांनी घड्याळ पाहिलं. हौसाआत्याने पदर तोंडाला लावला. कोळूताई फांदीवरून पाहत होती. आठही डोळ्यांनी.

टिक.

टिक.

घुर्र... घुर्र... घुर्रर्र... भुम्मऽऽऽ!

चालली! गाडी चालली!

"बसा नाना," कुमुदमावशी म्हणाली.

"मी? नको, नको."

"बसा हो!"

नाना पुढे बसले. हौसाआत्या मागे बसली. भंगारवाला म्हणाला, "मी पण येऊ का?" तोही बसला. गब्बू त्याच्या मांडीवर. आणि कोळूताई? ती कधीच आरशामागे येऊन बसली होती!

गाडी निघाली. गल्ली संपली. मोठा रस्ता आला. सूंऽऽऽऽ! झाडं मागे. खांब मागे. पाठीवर वारा घेऊन निघालेला एक मोटारसायकलवाला, तोही मागे!

नानांनी टोपी धरली. "अहो बाई! ही एवढी पळते?"

"पहिल्यापासून पळते. तिला कुणी विचारलंच नाही."

"आणि बसायला कशी, आमच्या दिवाणासारखी!" हौसाआत्या म्हणाली.

भंगारवाला गब्बूला घट्ट धरून बसला होता. गाडी परत दारात आली, तेव्हा उतरला. त्याने दोर खांद्यावर टाकला. गाडीवर हलकेच हात फिरवला.

"बाई, ही कुणाला देऊ नका हं. मला पण नका देऊ!"

संध्याकाळी कोळूताई निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू. एकेकापाशी थांबली.

शिंपीणबाईला म्हणाली, "तुझे उपकार गं." पण जरा लांबूनच.

उंबरदादाला म्हणाली, "तुझे उपकार रे."

शेळूबाईला म्हणाली, "तुझे उपकार गं."

हौसाआत्याला म्हणाली, "तुझे उपकार गं."

गब्बूदादाला म्हणाली, "तुझे उपकार रे." तो पुन्हा झोपला होता. तरी म्हणाली.

मग आरशामागे गेली. रात्रभर विणत बसली. सकाळी जाळं तयार!

सकाळी कुमुदमावशी फडकं घेऊन आली. बॉनेट पुसलं. दारं पुसली. चारही पुसली. मग आरशाकडे वळली.

जाळ्यावर दव. दवात ऊन. मधोमध कोळूताई.

कुमुदमावशीने फडकं मागे घेतलं.

"राहा गं बाय," ती म्हणाली. "तुझीही गाडी आहे."

नट मिळाला. गाडी चालली.

गाडी चालली. घर राहिलं.

*

वाचून झालं. केतकी पुन्हा गप्प. मी मनातल्या मनात कुठे काय चुकलं ते शोधू लागले. ती उठली. दारामागे गेली. बूट घालून आली, उजवा डाव्यात, डावा उजव्यात. आणि म्हणाली,

"चल आपल्या गाडीत. आज कोळूताईला मागे बसव. मी पुढे बसणार."