मागे सोडलेली दोन बोटं

एकदा एका नळ-मिस्त्रीला एकाच घरात, एकाच गळतीसाठी, तिसऱ्यांदा बोलावणं आलं. श्रीपती त्याचं नाव. वय चाळिशीचं, हात साफ, आणि त्याच्या कामाला गावात आजवर कुणी नाव ठेवलेलं नव्हतं. आता मात्र ठेवतील, हे त्याला कळून चुकलं होतं.

घर दोन जावांचं. थोरली वर राहायची, धाकटी खाली. थोरलीच्या संडासाच्या बरोबर खाली धाकटीचं स्वयंपाकघर. छतातून थेंब पडायचा तो नेमका कणकीच्या परातीशेजारी. धाकटी म्हणायची, "आक्का, तुमचं पाणी माझ्या ओट्यावर येतंय हो." थोरली म्हणायची, "ये, वर येऊन बघ. फरशी ठणठणीत कोरडी आहे. मला बोल लावायला निमित्त हवं तुला, दुसरं काय."

बघा, दोघीही खोट्या नव्हत्या. वर कोरडं होतं आणि खाली गळत होतं. सणाला एका ताटात जेवणाऱ्या त्या जावा दोन वर्षांत अशा झाल्या की जिन्यात समोरासमोर आल्या तरी तोंड फिरवायच्या.

श्रीपती या खेपेला आपल्या गुरूंना घेऊन आला. बाबालाल मिस्त्री. पंचाहत्तरी ओलांडलेली, बोलणं थोडं. श्रीपतीनं पिशवीतून सीलंटच्या तीन ट्यूबा काढून त्यांच्यापुढे मांडल्या.

"चाचा, एवढंच सांगा, यातलं कुठलं लावू? पहिल्यांदा कमोडभोवती पांढरं सिमेंट भरलं, ते तडकलं. दुसऱ्यांदा दगडासारखं कडक होणारं लावलं. चहूबाजूंनी. सुई जाईल एवढीसुद्धा फट ठेवली नाही."

"फट ठेवली नाहीस, तरी पाणी जातंय," म्हातारा म्हणाला. "मग आधी ते कुठून जातं ते बघू. कमोड उचल."

कडक झालेला तो थर छिन्नीनं काढता काढता दुपार झाली. श्रीपतीचा हात मुद्दामच सावकाश चालत होता. खाली काय निघणार ते त्याला एकट्याला ठाऊक होतं. कमोड जिथं पाइपाला मिळतं तिथं रबराचं कडं असतं. पहिल्या खेपेलाच ते बदलायला हवं होतं. पण त्या दिवशी थोरलीच्या लेकीला बघायला पाहुणे यायचे होते, घरात घाई, सामानाच्या दुकानाला सुट्टी. त्यानं जुनंच कडं पुसून परत बसवलं, वरून लिंपून घेतलं आणि कुणाला सांगितलं नाही. पुढे सांगायची वेळच निघून गेली.

कमोड उचललं. कडं चपटं झालेलं, एका बाजूला फाटलेलं. बाबालालचाचांनी ते हातात घेऊन फिरवून पाहिलं, श्रीपतीच्या तळहातावर ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "नवं आण."

नवं कडं बसलं. कमोड जागेवर आलं. मग म्हाताऱ्यानं तिन्ही ट्यूबांमधली सिलिकॉनची उचलली. "हे मऊ असतं. माणूस बसला-उठला की कमोड केसभर हलतं, ते याला सोसतं. आणि उद्या चूक निघाली तर पात्यानं सोलून काढता येतं."

"आता कसली चूक, चाचा? सगळं नवं आहे."

म्हाताऱ्यानं फडक्यानं फरशी खडखडीत कोरडी केली आणि पुढून मागे दोन्ही अंगांनी सिलिकॉनची रेघ ओढत नेली. मागच्या बाजूला मात्र दोन बोटं जागा उघडी ठेवून थांबला.

दारात उभ्या थोरलीनं ते पाहिलं. "मिस्त्री, तिथं राहिलंय की. का दिसत नाही आता?"

श्रीपती ट्यूब घ्यायला पुढे झाला. म्हाताऱ्यानं त्याचं मनगट धरलं.

"दिसतंय, बाई, म्हणूनच सोडलंय. हे रबर आज नवं आहे. दहा वर्षांनी तेही झिजणार. झिजलं की पाणी या भांड्याखाली साठणार. चहूकडून कोंडलंत तर तुम्हाला त्याचा पत्ता लागणार नाही. ते स्लॅबमधून उतरेल आणि खालच्या माणसाच्या परातीत पडेल. एवढी जागा मोकळी असली तर पहिली ओल तुमच्याच पायाला लागेल. आपला दोष आधी आपल्याला दिसावा, इतकी वाट माणसानं ठेवावी. सगळं लिंपलं की आपलं घर तेवढं कोरडं दिसतं. भोगत असतं दुसरंच कुणी."

एवढं बोलून ते ट्यूबेचं तोंड पुसत बसले. श्रीपतीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

श्रीपतीच्या खिशात ते फाटकं कडं होतं. त्यानं ते काढून थोरलीपुढे धरलं.

"आक्का, धाकट्या बाई खरं बोलत होत्या. पाणी इथूनच जात होतं. हे कडं मी पहिल्याच खेपेला बदलायला हवं होतं. बदललं नाही आणि वरून झाकून ठेवलं."

थोरलीनं ते कडं हातात घेऊन पाहिलं. "आणि मी तिला खोटारडी म्हणत बसले," ती हळूच म्हणाली. मग पदर खोचून जिना उतरली. धाकटीच्या ओट्यावर थेंबाखाली ठेवलेलं पातेलं तिनं उचललं आणि स्वतःच्या हातानं मोरीत ओतलं. धाकटीनं पाटावरची कणकीची परात बाजूला सारून तिला बसायला जागा केली.

श्रीपतीला वाटलं होतं, आता गावात आपल्याला कोण विचारणार. पण कामं येतात. कमोड बसवलं की तो मागे दोन बोटं सोडतो. कुणी म्हणालंच, "अहो, राहिलंय तिथं," तर सांगतो, "राहिलेलं नाही. माझी चूक झालीच असेल, तर तिला वर यायला वाट ठेवलीय."