न्याहारीचा अर्थ

"न्याहारी हा शब्द मराठीचा की फारसीचा, बाबा?"

लालशा फकिराने तव्यावरची भाकरी उलटली. "आधी रांगेत बस, मास्तर."

दामोदर मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता. दुपारी पंडितांची सभा. शब्द फारसी आहे, असं त्यांनी आपल्या कोशात छापून टाकलं होतं, आणि सगळे ते खोडून काढायला टपले होते. आज हरले, तर वीस वर्षांचा कोश रद्दीत. पंचक्रोशीत फारसी जाणणारा माणूस एकच, आणि तो भाकऱ्या थापत बसला होता!

फकिराच्या त्या झोपडीची एक रीत होती. तो रांगेतल्या प्रत्येकाला विचारायचा, कधीपासून उपाशी? जो जास्त उपाशी, त्याला पहिली भाकरी आणि त्याचंच म्हणणं आधी ऐकायचं.

"मास्तर, कधीपासून उपाशी?"

मास्तरांनी वर चढत्या उन्हाकडे पाहिलं. पुढे सहा माणसं, सगळी काल रात्रीपासून उपाशी...

"काल सकाळपासून."

घरून वाटीभर शिरा चापून आलेला माणूस, बेधडक थाप मारून मोकळा झाला.

फकिराने भाकरी त्यांच्या हातावर ठेवली. "बोल."

"फारसीत नहार म्हणजे न खाल्लेला. उपाशी. त्या उपाशीपोटी खायची ती न्याहारी. बरोबर ना? तेवढं लिहून द्या, बाबा. सभेची वेळ होत आली."

"देतो. खा."

मास्तरांनी तुकडा तोंडात घातला. तो तोंडातल्या तोंडात फिरू लागला... गिळवेना.

फकीर रांगेच्या टोकाकडे वळला. तिथे खाणीवर दगड वाहणारी हौसाबाई नुकतीच येऊन बसली होती.

"आणि तू गं?"

"परवा सांजेपासनं, बाबा."

तिची नजर मास्तरांच्या हातावर होती. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठले आणि उरलेली भाकरी तिच्यापुढे धरली.

हौसाबाईने ती दोन्ही हातांनी घेतली. खाताना तिने एकदाही मान वर केली नाही. मांडीवर पडलेला कण तिने बोटाने टिपून घेतला.

मास्तर बघत राहिले...

"बाबा, मी घरून खाऊन आलोय."

फकिराने पिठाचा गोळा हातात घेतला.

"आता तुम्ही लिहून देणार नाही. मग सभेत मी सांगू तरी काय?"

फकिराने दुसरी भाकरी तव्यावर टाकली.

"दुपारचं जेवू नकोस. सभेला उपाशी जा, अर्थ पोटच सांगेल."