राखणदाराची भाजलेली कोंबडी

एकदा काय झालं, डोंगराखाली एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला देवराई. भरदुपारीसुद्धा आत अंधार. तिथे एक राखणदार राहायचा, माणूस नव्हे हो, रानाचा देव. देवराईतली वाळकी काडीही कुणी घरी न्यायची नाही, असा त्याचा दंडक. शेवंते, पाय पांघरुणात घे बघू, नाहीतर मी पुढे सांगायची नाही.

तर त्या गावात भागी आणि तिचा नवरा धाकू राहायचे. भागीला दिवस गेले आणि डोहाळे लागले. कुणाला चिंचेचे लागतात, कुणाला कैरीचे. हिला लागले काडीवर भाजलेल्या कोंबडीचे! धाकू हसला. म्हणाला, "एवढंच ना? आत्ता काड्या आणतो." आणि हा शहाणा गेला थेट देवराईत. तिथल्या काड्या सरळ असतात ना, म्हणून. गेला तो गेलाच.

गाव शोधायला निघालं. बेहड्याच्या झाडाखाली त्याचा कोयता सापडला. मग झाडाच्या आतून आवाज आला, "भागी, थंडी वाजतेय गं." लोकांची बोबडी वळली, सगळे पळाले. भागी मात्र खोडाला मिठी मारून रडली. माझ्या जिभेपायी माझा माणूस गेला, असं तिच्या मनानं घेतलं. फार वाईट असतं बाळांनो, असं वाटणं.

मग ती गुरवाकडे गेली. गुरव म्हणाला, "ज्यासाठी त्यानं काड्या तोडल्या, तेच करून राखणदाराला दाखव. तीनदा दाखवता येतं. तिसऱ्यांदाही नाही पटलं, तर माणूस झाडाचाच. आणि नैवेद्य आहे, चाखायचा नाही हो! ठेवायचा आणि मागे न बघता निघायचं."

भागीनं परसातला बांबू चिरला, काड्या केल्या. कोंबडी कापली. दही, आलं, लसूण, हळद, तिखट लावलं आणि लगेच निखाऱ्यावर धरली. मुरू द्यायला हवी होती, पण तिला धीर कुठला? तिन्हीसांजेला ठेवून आली. सकाळी बघते तर काड्या अंगणात भिरकावलेल्या! परत आलेलं खायला हरकत नाही, म्हणून तिनं एक तुकडा तोंडात घातला. बरं का, नुसता वातड. चावता चावेना.

मग दुसऱ्या खेपेला तिनं कोंबडी रात्रभर मुरवली. गूळ आणि कोकमाचं आगळ आटवून दाट पाक केला, आणि चकाकी यावी म्हणून आधीच तुकड्यांना फासला. गूळच तो, निखाऱ्यावर जळला. पण दिसायला काय सुरेख! चाखायचं नाही, तर कळणार कसं? ठेवून परत निघताना झाडातून हाक आली, "भा..." एवढीच. सकाळी काड्या पुन्हा अंगणात. कडू जहर.

भागी देवराईत धावली. खोडाला कान लावला. आत काहीच नाही. हाक नाही, कण्हणं नाही. खोड गार पडलेलं. ती तशीच घरी आली. शेजारणी दारं लावून घेत होत्या, कुणी दोन शब्द बोललं नाही.

मग तिनं शेवटची कोंबडी घेतली. मुरवली. काड्या पाण्यात भिजवल्या, म्हणजे जळणार नाहीत. सावकाश फिरवत भाजली. मांस शिजल्यावर मगच वरून पाक लावला, पुन्हा फिरवली, पुन्हा लावला. छान तांबूस झाली. भागी तिच्याकडे बघत बसली. मग तिनं एक तुकडा ओढला आणि खाल्ला.

तिन्हीसांजेला ती बेहड्याखाली गेली, आणि ठेवून पळाली नाही. उभी राहिली. राखणदार आला. ताडमाड उंच, अंगभर शेवाळ. म्हणाला, "उष्टं आणलंस?"

"होय, उष्टं," भागी म्हणाली. "घरच्या माणसाला मी न चाखता वाढत नाही. तुला दोनदा परक्यासारखं वाढलं, दोनदा फसलं. मारायचं तर मार देवा, पण आधी खा."

राखणदारानं खाल्लं. काडी चाटून साफ केली. मग हळूच विचारलं, "तुला कसं लागलं?"

"चांगलं लागलं. रडू आलं."

तो खाली बसला. म्हणाला, "लोक ठेवतात आणि पळतात. माझ्याबरोबर कुणी जेवलेलं नाही. बस जरा."

मग भागी बसली. दोघं जेवली. शेवटची काडी त्यानं बाजूला ठेवली आणि खोडावर हात फिरवला. साल फाटली, आणि धाकू बाहेर कोसळला. केस पांढरेफटक. भागीनं त्याला मांडीवर घेतलं आणि एकेक तुकडा भरवला.

त्यांना मुलगी झाली. तिघं सुखानं राहिली. धाकूला भर उन्हातही कांबळं लागायचं, एवढंच. आणि दर अवसेला तिघं कोंबडी घेऊन वर जायची आणि राखणदाराच्या पंगतीला बसायची.

मग धाकू गेला. भागी गेली. लेकही म्हातारी होऊन गेली. आता लोक पुन्हा नैवेद्य ठेवतात आणि पळतात. आज अवसच आहे. तो वर एकटाच जेवत असेल बघा.

झाली गोष्ट. मिटा डोळे. सरका एकमेकांजवळ.